पाण्याने उठणारी शाई

शाई म्हणजे शाई, एवढंच मला माहीत होतं. सहकारी बँकेत काउंटरवर बसायचे तेव्हा समोर जांभळ्या शाईचा पॅड असायचा. तो कोरडा पडत आला की शिपाई बाटलीतली शाई त्यावर सोडायचा आणि काम पुढे सुरू. निवृत्तीनंतर पुण्यातल्या एका वर्गात नाव घातलं. तिथे रबरी ठसे, शाया आणि रंग एकत्र वापरून चित्रं करायला शिकवतात. पहिल्याच दिवशी टेबलावर मांडलेल्या पॅडांसमोर मी गोंधळून उभी राहिले. एकावर लिहिलं होतं डाय, दुसऱ्यावर पिगमेंट, मग आर्काइव्हल, सॉल्व्हंट, वॉटरमार्क. शेवटचा उघडला तर त्यात रंगच नव्हता. शेजारी अॅक्रिलिकच्या ट्यूब, जेसोचा पांढरा डबा, मॅट मीडियम, एम्बॉसिंग पावडर, हीट गन. यातलं काय कशावर लावायचं, आधी काय आणि नंतर काय, याचा काही केल्या अंदाज येईना.

शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची आहे. ती म्हणाली, “काकू, आज चित्र नकोच. प्रत्येक शाईत हे पिंपळपान एकदा उमटवा, सुकू द्या आणि मग अर्ध्या पानावरून ओला ब्रश फिरवा. काय होतं ते नुसतं बघा.”

बघितलं, आणि गोंधळ वाढला. डाय शाईचं काळं पान पाणी लागताच पसरलं आणि पसरताना त्या काळ्यातून निळसर, गुलाबी कडा बाहेर आल्या. पिगमेंटचं पान मुळात सुकायलाच तयार नव्हतं. बोट लावलं की बोटाला यायचं. आर्काइव्हलवरून ब्रश कितीही फिरवला तरी रेघ जागची हलली नाही. वॉटरमार्कच्या जागी कागद जरासा गडद दिसत होता, बाकी काही नाही. घरातला माझा जुना जांभळा पॅडही मी नेला होता. त्याचा ठसा पाण्यात असा फुटला की कागदाचा तो सगळा कोपरा जांभळा झाला. इतकी वर्षं त्या शाईशी रोजचा संबंध, पण तिच्या पोटात एवढा रंग आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बँकेत तिच्यावर पाणी सांडू नये म्हणून आम्ही जपायचो.

हळद आणि गेरू डोळ्यांसमोर आणले तेव्हा हा प्रकार मला उलगडू लागला. हळदीचा रंग कापडाच्या धाग्यात शिरून बसतो आणि उन्हात टाकलं की उडतो. डाय शाई त्या जातीची. तिच्यातला रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, कागदाच्या तंतूंत मुरतो, उजेडात हळूहळू फिका पडतो, आणि पाणी मिळालं की पुष्कळदा पुन्हा विरघळायला लागतो. काळा रंग अनेक रंग मिसळून केलेला असेल तर त्यातला प्रत्येक रंग पाण्याबरोबर वेगळ्या वेगाने धावतो. ते निळं-गुलाबी तिथून आलं. गेरूचं तसं नाही. गेरू पाण्यात विरघळत नाही. कालवून ठेवला की भांड्याच्या तळाशी बसतो, कुंडीला लावला की मातीवर थर होऊन राहतो, आणि उन्हाने उडत नाही. पिगमेंट शाईत असे न विरघळणारे बारीक कण असतात, आणि त्यांना कागदाला धरून ठेवायला काहीतरी चिकट द्रव्य लागतं. पॅडवरची अशी शाई सावकाश सुकते.

या सावकाश सुकण्याचा उपयोग कळला तेव्हा तो रंग नसलेला पॅडही कळला. वॉटरमार्क शाई चिकट असते आणि बराच वेळ ओली राहते. तिच्यात ठसा उमटवायचा, लगेच वर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, कागद उलटा करून टिचकी मारायची. ओल्या रेघांवर तेवढी पूड चिकटून राहते. मग हीट गन. केस वाळवायचं यंत्र इथे चालत नाही, कारण त्याची हवा जोरात आणि उष्णता कमी; पूड वितळण्याआधी उडून जाते. हीट गनखाली काही क्षण काहीच होत नाही. नंतर पानाच्या देठाशी पूड एकदम वितळते आणि खरखरीत पांढऱ्याची गुळगुळीत चकाकी होत होत टोकापर्यंत पोचते. मला ते पुन्हा पुन्हा बघावंसं वाटलं. त्यावरून निळ्या जलरंगाचा पातळ हात दिला तेव्हा वितळलेल्या रेघांनी पाणी घेतलंच नाही. निळा रंग दोन्ही बाजूंना सरकला आणि मधे पिंपळपानाची जाळी कोरी उभी राहिली. बाटिकमध्ये मेण जे काम करतं तेच हे.

त्या दिवसापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत: ‘उठणारे’ आणि ‘न उठणारे’. सुकल्यावर पाणी लागलं की जे पुन्हा हलतं ते पहिल्यात: जलरंग, बहुतेक डाय शाया, जांभळा पॅड. सुकल्यावर जे पाण्याला दाद देत नाही ते दुसऱ्यात: आर्काइव्हल, सॉल्व्हंट, वितळलेली पावडर आणि अॅक्रिलिक. अॅक्रिलिकची गंमत मला सगळ्यात उशिरा समजली. ट्यूबमध्ये असेपर्यंत त्यात हवं तेवढं पाणी मिसळता येतं, ब्रश नळाखाली धुता येतो. एकदा पाणी उडून गेलं की त्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून एकसंध पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात जात नाही. म्हणून अॅक्रिलिक लावलेला ठसा लगेच धुवायचा असतो. खाचांत सुकलेला रंग निघता निघत नाही. चित्रकारांसाठीचे असे पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग अमेरिकेत 1950 च्या दशकात बाजारात आले. तैलरंगाचा थर सुकायला दिवसच्या दिवस थांबावं लागायचं, तिथे आता चहा होईपर्यंत खालचा थर पक्का होतो आणि त्यावर निर्धास्त काम करता येतं. थरांवर थर चढवणारी ही कला आज घराघरांत करता येते याचं मोठं श्रेय मी या रंगाला देते. मी वापरते ते रंग कॅमलिनचे. दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत ही कंपनी शाईपासूनच सुरू केली होती, हे मला आवडतं.

आता चित्राचं एक पान कसं घडतं ते सांगते. आधी जेसोचा, म्हणजे पांढऱ्या अस्तराचा, पातळ हात. जेसोमुळे कागद रंग पिऊन टाकत नाही, आणि त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असल्याने शाईला धरायला जागा मिळते. कागद तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाड, घेतला तर ओला झाल्यावर फारसा फुगत नाही. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा, सुती चिंध्यांपासून केलेला कागदही मी आणला आहे. त्याची ओबडधोबड कड मला कापवत नाही. जेसो सुकला की पिवळ्या अॅक्रिलिकचा पाण्यासारखा पातळ थर. त्यावर जुन्या वर्तमानपत्राचा किंवा पंचांगाचा कपटा मॅट मीडियमने, म्हणजे रंग नसलेल्या अॅक्रिलिकने, चिकटवायचा, वरूनही मीडियमचा हात द्यायचा. मग ठसे. इथे मात्र शाईची निवड चुकवून चालत नाही. अॅक्रिलिकचा थर कागदासारखा शोषून घेत नाही. पाण्याची डाय शाई त्यावर थेंब थेंब होऊन बसते आणि हाताला लागते. पिवळ्यावर ती जांभळी शाई ओली झाली तर दोन्ही मिळून मातकट तपकिरी होतं, कारण जांभळा आणि पिवळा रंगचक्रात समोरासमोर असतात. आर्काइव्हल किंवा सॉल्व्हंट टिकते, पण तिलाही इथे साध्या कागदापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. पावसाळ्यात तर फारच. जुलैत दुपारी केलेलं पान संध्याकाळीसुद्धा बोटाला ओलसर लागतं.

ठसे कुठले वापरायचे हा वेगळा आनंद. भेंडीचे ठसे आपण सगळ्यांनी शाळेत केले आहेत. बाटलीचं झाकण, सुतळी गुंडाळलेला ठोकळा, फुग्यांचं पॅकिंग प्लास्टिक, सगळं चालतं. पण मला माझा स्वतःचा ठसा हवा होता. अंगणातल्या प्राजक्ताचं फूल काढलं आणि कोर्टाजवळच्या एका शिक्केवाल्याकडे गेले. त्याच्या फळीवर ‘अध्यक्ष’, ‘सचिव’, ‘प्रोप्रायटर’ असे नमुने लावलेले. माझा कागद त्याने उजेडात धरून नीट पाहिला आणि म्हणाला, “ताई, या बारीक रेघा भरून जातील. दोन रेघांमधे जरा श्वास ठेवा.” मी तिथेच उभी राहून चित्र पुन्हा काढलं. तेवढ्या वेळात त्याने मला सगळी रीत दाखवली. चित्राची निगेटिव्ह काचेवर ठेवायची. त्यावर पॉलिमरचा दाट द्रव ओतायचा, वरून दुसरी काच, आणि खालून अतिनील प्रकाश सोडायचा. चित्रातली काळी रेघ निगेटिव्हमध्ये पारदर्शक असते. तिच्यातून प्रकाश जातो आणि तेवढाच द्रव घट्ट होतो. उरलेला ब्रशने पाण्यात धुऊन काढला की रेघा उंच राहतात. पूर्वी छपाईचे खिळे जुळवून, साचा करून, त्यात रबर घालून तापवलेल्या दाबयंत्रात पक्कं करायचे, हेही त्याने सांगितलं. तापवल्यावर रबर टिकाऊ करणारी ती प्रक्रिया, व्हल्कनायझेशन, चार्ल्स गुडइयरने 1844 मध्ये पेटंट केली होती. तिच्याशिवाय रबरी शिक्काही झाला नसता आणि टायरही. शिक्केवाल्याने फूल, कळी आणि पान तीन वेगवेगळ्या ठोकळ्यांवर बसवून दिलं. मी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, “वेगळे असले की हवं तसं जुळवता येईल.” त्या माणसाला चित्राची जाण आहे आणि दिवसभर तो ‘सचिव’ उलटा कोरून घेतो. त्याचा मला मनापासून आदर वाटला.

कचेरीतला शिक्का चित्रात आणणारी मी काही पहिली नाही, हे कळल्यावर मला फार बळ आलं. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात कुर्ट श्विटर्स नावाचा चित्रकार 1919 च्या सुमाराला कार्यालयीन रबरी शिक्के रेखाटनांत उमटवत होता, ट्रामची तिकिटं आणि पाकिटांचे तुकडे चित्रांत डकवत होता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, सगळं मोडलेलं, आणि हा माणूस फेकलेल्या कागदांतून चित्र उभं करत होता. दुसरा सॉल स्टाइनबर्ग. रुमानियात जन्मलेला हा ज्यू चित्रकार दुसऱ्या महायुद्धात इटलीतून निसटून पुढे अमेरिकेत पोचला. 1954 मध्ये त्याचं ‘द पासपोर्ट’ नावाचं पुस्तक आलं. वाचता न येणाऱ्या अक्षरांचे दाखले, खोट्या सह्या, खोटे शिक्के त्याने मन लावून काढले. देश सोडताना ज्याचं आयुष्य कागदपत्रांवरच्या एका शिक्क्यावर अडलं होतं त्याने तो चित्रात उमटवणं आणि माझ्यासारखीने उमटवणं यात अंतर आहे. तरी बँकेतल्या त्या ठोकळ्यात एवढं काही दडलेलं होतं हे मला त्याच्यामुळे दिसलं.

एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतोय. बँकेत ठसा पूर्ण उमटला नाही तर कागद परत यायचा. हात तसाच घडलेला आहे: सरळ धरायचा, सारखा दाब द्यायचा, उचलताना हलवायचा नाही. चिकटवलेल्या कपट्याच्या कडेवर ठसा पडतो तेव्हा तो तुटतो, खडबडीत जेसोवर मधे मधे सुटतो. शिकवणारी मुलगी म्हणते तो तुटलेला भागच बघायला डोळा थांबतो. माझं मत अजून तिच्याइतकं पक्कं नाही. प्राजक्ताचं फूल तुटलेलं चांगलं दिसतं, कारण झाडाखाली ते तसंच पडलेलं असतं. तारखेचा शिक्का मात्र मला पूर्णच हवा असतो. निवृत्तीनंतर मी एक घरी घेतला आहे, रबरी पट्ट्या फिरवायचा. त्यातले आकडे मी तारखेसाठी न वापरता ओळीने उमटवते, रांगोळीतल्या ठिपक्यांच्या जागी.

सध्या वर्गात वाद चालू आहे तो व्हार्निशचा. डाय शाईतले काही ठसे मला पुसले जाऊ द्यायचे नाहीत, आणि ब्रशने पाण्याचं व्हार्निश लावलं तर ते नक्की उठतील. फवाऱ्याच्या व्हार्निशचे दोन-तीन हलके हात आधी दिले, प्रत्येक हात सुकू दिला, तर खालची शाई बंदिस्त होते आणि मग ब्रश चालतो, असं मुलीचं म्हणणं. तशाच शायांचा एक रद्दी कागद मी तयार केला आहे. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की गॅलरीत त्यावर फवारून बघणार आहे. प्राजक्ताचं चित्र तोवर तसंच राहील.