लेंड्या मोजणारे गुरुजी

भाची शिकायला बंगळूरला गेली आणि तिचा ससा आमच्या भोरच्या घरी आला. ससा म्हणजे मादी. पांढऱ्या अंगावर पिवळट ठिपके, म्हणून नाव बुंदी. सोबत पिंजरा, पाण्याची बाटली आणि "मामा, तिचा काही त्रास नसतो," एवढीच माहिती.

मी वेल्ह्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्या भागात गाय रवंथ करेनाशी झाली किंवा शेळी कळपामागे रेंगाळू लागली, की शाळेतल्या पोरांनाही कळतं, काहीतरी बिघडलंय. ससा मात्र या हिशेबात बसत नाही. रानातला ससा सगळ्यांनी पाहिलेला, पण पळताना, पाठमोरा. शिवाय तो वेगळ्या जातीचा, वन्यजीव कायद्यानं संरक्षित. त्याला घरी आणून ठेवणं गुन्हा आहे. पिंजऱ्यात मिळतो तो मूळचा युरोपातला. त्याचं दुखणं-खुपणं कसं ओळखायचं हे विचारावं, असं गावात कुणी नव्हतं.

पहिले काही आठवडे माझी रोज घाबरगुंडी उडायची. एकदा बुंदी चालता चालता धाडकन कुशीवर पडली आणि पाय ताणून निपचित राहिली. मी बायकोला हाका मारेपर्यंत उठून अंग चाटत बसली. ससा निर्धास्त असला की असाच आडवा होतो म्हणे. मग एका सकाळी ट्रेमध्ये लालभडक लघवी. मी फोटो काढून भाचीला पाठवला. तिचा उलट प्रश्न, "काल पालेभाजी कुठली घातलीत?" काही पाल्यांच्या रंगद्रव्यांनी सशाची लघवी लाल किंवा नारिंगी होते, एरवी ती पांढरट, गढूळ असते, कारण अंगातलं जादा कॅल्शियम तो लघवीवाटे टाकतो. (खरं रक्त बहुधा डागाडागांनी दिसतं, पण खात्री लघवी तपासल्यावरच.) आणि सर्वांत कहर म्हणजे ती मान खाली घालून स्वतःचीच विष्ठा खायची. तीही रोगाची खूण नाही. सशाच्या उंडुकात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जिवाणूंनी आंबवलेल्या मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या वेगळ्या पडतात. त्यांत प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात आणि ससा त्या थेट गुदद्वारापाशीच तोंड लावून खातो. टणक, गोल, गवताच्या चुऱ्याच्या लेंड्या त्या निराळ्या.

म्हणजे जे जे पाहून मी घाबरलो, ते सगळं ठीक होतं. आणि बुंदी खरंच मरणाच्या दारात गेली, त्या दिवशी घाबरावं असं काही दिसलंच नाही.

पावसाळ्याचे दिवस, लाईट गेलेली. बुंदी कोपऱ्यात गप्प बसलेली. कोथिंबिरीची जुडी दिसली की एरवी पायांत घोटाळणारी ही बया जागची हलली नाही. मी म्हटलं, गारठलीय. दुपारी दुधवाले मामा आले. तोरण्याच्या पायथ्याला त्यांच्या म्हशी. त्यांनी सशाकडे न बघता आधी ट्रे पुढं ओढला.

"गुर्जी, लेंड्या कुठं हायेत?"

ट्रे कोरडा होता. मग मामांनी तिचे कान धरून पाहिले. "गार पडल्यात. अन् दात खातीय बघा. दुखतंय तिला."

मी कान देऊन ऐकलं. करकर असा बारीक, थांबून थांबून येणारा आवाज. लाडात आलेला ससाही दात वाजवतो, पण तो आवाज हलका असतो आणि ससा सैल पडलेला असतो. ही पाठीची कमान करून, पोट आवळून, डोळे अर्धे मिटून बसली होती. ससा हा शिकार होणारा प्राणी. अशक्त दिसला तो आधी उचलला जातो. म्हणून अगदी नाइलाज होईपर्यंत तो दुखणं दाखवत नाही.

मामांनी म्हशीच्या अनुभवावर गोडंतेल पाजायला सांगितलं. ते मात्र मी टाळलं आणि बुंदीला टोपलीत घालून जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "माझा हात गाई-म्हशींवर बसलाय. पण पोटाला आवाज नाही, एवढं मला कळतंय." निरोगी सशाच्या पोटात अधूनमधून गुरगुर ऐकू येते, हिचं पोट मळलेल्या कणकेसारखं लागत होतं. ताप पाहिला तर फॅरनहाइटमध्ये शंभराच्याही खाली. सशाचं नेहमीचं तापमान एकशे एक ते एकशे तीनच्या आसपास, म्हणजे ही थंड पडत चालली होती. त्यांनी कोमट सलाईन कातडीखाली दिलं, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवायला लावली आणि म्हणाले, "पुण्याला न्या. आत्ता."

कापूरहोळ, खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रज. एवढ्या रस्त्यात मी टोपलीत हात घालून फक्त श्वास चाचपत होतो.

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला. आतडं कशानं तुंबलं असेल तर हालचाल वाढवणारं औषध आणि जबरदस्तीचं खाणं दोन्ही घातक ठरतात. तुंबलेलं नव्हतं, आतडी नुसती थांबली होती, आत गॅस. सशाला उलटी होत नाही. तोंडातून गेलेलं पुढंच सरकावं लागतं, आणि ते थांबलं की आतले जिवाणू बिघडतात, गॅसनं पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडी आणखी थांबतात. वेदनाशामक, सलाईन, मग सिरिंजनं पातळ खाणं. दुसऱ्या दिवशी दोन-चार बारीक, वेड्यावाकड्या लेंड्या पडल्या आणि दवाखान्यातल्या पोरीनं मला मुलगा झाल्यासारखा फोन केला.

मूळ कारण दाढांत निघालं. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि भरपूर वाळलं गवत चावलं तरच झिजतात. बुंदीच्या आहारात विकतच्या गोळ्या जास्त, गवत कमी. दाढेला काटा आला होता, तो जिभेला कापत होता. नंतर भूल देऊन तो घासावा लागला. आता दिवाळीनंतर मामांकडून डोंगरउताराच्या वाळल्या गवताचे भारे येतात. भाताचा पेंढा त्याला पर्याय नाही, त्यात पोषण कमी.

पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं सांगतो. सशानं तोंड उघडून श्वास घेतला, तर ती आणीबाणी. त्याचा श्वास नाकानंच चालतो. मान एका बाजूला कलली, तर थांबायचं नाही. पावसाळ्यात मागचा भाग ओला-घाण राहिला, तर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या मांसात शिरतात. रोज उचलून बघायचं. घरातलं अमॉक्सिसिलिन तोंडानं द्यायचं नाही, त्यानं आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा तर सशाच्या जिवावरच उठतो.

मी रोज सकाळी लेंड्या बघतो. गावात त्यावरून चेष्टा होते, होऊ दे. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे टाकतो. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या, केसांच्या माळेत ओवल्यासारख्या आल्या, तर मी शाळेला रजा टाकतो.

तुमच्या घरी ससा असेल, तर सशांवर उपचार करणारे डॉक्टर कुठे आहेत आणि रात्री फोन उचलतात का, हे आजच विचारून ठेवा. दहा-बारा तास त्यानं काही खाल्लं नाही आणि लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट बघू नका.