सराफ्यातून कालाकुंडास

इंदुरास कोणी पाहुणा आला म्हणजे त्याला काय दाखवावे, हा प्रश्न आमच्या घरी फारसा पडत नाही; काय खाऊ घालावे याचीच चर्चा रंगते. राजवाडा पाहून झाला की नाही याची चौकशी सावकाश होते, परंतु पोहे-जिलबी झाली का, हे पाहुण्याने हातातली पिशवी खाली ठेवण्यापूर्वीच विचारले जाते. येथील माणूस पत्ता सांगतो तोही जिभेने. अमक्या कचोरीवाल्याच्या डाव्या हातास, तमक्या शिकंजीवाल्याच्या समोर. महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींस शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत वाटते; आमच्याकडे ती आटवलेल्या दुधाची, केशर-वेलदोडे घातलेली आणि जवळजवळ चमच्याने खावी इतकी दाट असते. हिवाळा आला हे पंचांगापेक्षा आम्हांस तळलेल्या गराडूच्या वासाने आधी समजते, आणि पाऊस लागला हे भुट्ट्याच्या किसाने. दिवसा जेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो त्या सराफ्यात रात्री पेढ्यांची दारे बंद झाली की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. असा हा नकाशा आमच्या तीन पिढ्यांनी पोटात वागवला.

२०२४ च्या जून महिन्यात तो निरुपयोगी ठरला. आमचे चिरंजीव वय वर्षे एकोणतीस, संगणकाच्या नोकरीत. कार्यालयातर्फे होणाऱ्या नित्याच्या तपासणीत त्यांच्या रक्तातील साखर उपाशीपोटी १७२ भरली. १२६ च्या पुढे मधुमेह मानतात. गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी दुसरी तपासणी असते, जिला एचबीए१सी म्हणतात, तिचा आकडा ६.५ च्या आत असावयास हवा होता, तो ८.६ निघाला. मुलगा अंगाने लठ्ठ नव्हे. पण पोटाचा घेर मात्र ९० सेंटिमीटरच्या पुढे गेलेला होता, आणि आपल्या भारतीय शरीराची रीत अशी की, हातपाय काटकुळे असले तरी पोटाभोवती साठलेली चरबी हा रोग तरुणपणीच ओढून आणते.

हे दुर्दैव आमच्या एकट्याच्या घरचे नव्हते, एवढे समाधान मानावयाचे तर मानता येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली एक देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मधुमेही भारतीयांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावर उभे असलेल्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख दाखवली आहे. सर्व राज्यांत गोमंतक पहिला, २६.४ टक्के. पणजी-मडगावकडील आमच्या वाचकांनी हा आकडा जेवणाच्या पानावर बसण्यापूर्वी एकदा आठवावा.

डॉक्टरांकडे आम्ही उभयता मुलाबरोबर गेलो. त्या गृहस्थांनी आम्हांस आदराने बसवले आणि नंतरचे सारे बोलणे मुलाशीच केले. गोळी कोणती, केव्हा, जेवणाबरोबर का घ्यावी, पहिले काही दिवस पोट बिघडल्यासारखे वाटले तर घाबरू नये, डोळ्यांचा पडदा यंदाच तपासून घ्यावा, लघवी आणि पाय दरवर्षी दाखवावेत. आम्ही पाहुण्यासारखे ऐकत होतो. बाहेर पडल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्याला काहीच सांगितले नाही." मुलगा म्हणाला, "आई, आजार मला झाला आहे." बोलणे कडवट नव्हते, पण त्यात एक सीमा आखलेली होती. शाळेत पस्तीस वर्षे आम्ही पालकांना मुलांविषयी सल्ले देत आलो; मात्र एकोणतीस वर्षांच्या मुलाचे पालकत्व कसे करावे, हे कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमात नाही.

पहिला आठवडा शेजाऱ्यांचा गेला. कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांचे चूर्ण. प्रत्येकाच्या नात्यात कोणीतरी खडखडीत बरा झालेला. डॉक्टरांचे म्हणणे एवढेच की कारले भाजी म्हणून अवश्य खा, गोळीच्या जागी नको. घरातली व्यवस्था सौभाग्यवतींनी एका वाक्यात लावली: या घरात दोन चुली होणार नाहीत. जे त्याच्या पानात, तेच आमच्या. गव्हाच्या पोळ्या कमी झाल्या, ज्वारीची भाकरी आली, आधी कोशिंबीर आणि उसळ, भात शेवटी आणि मुदीएवढा. आणखी एक करार झाला, तो मुलाच्या मागणीवरून. त्याच्या पानाकडे कोणी पाहावयाचे नाही. हा करार पाळणे आईस किती जड गेले, ते आम्ही पाहिले आहे.

उरले चालणे. मुलगा कार्यालयातून नऊला येई. जेवण होईपर्यंत दहा. जेवणानंतर चालले की पायांचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, म्हणून ही वेळ वाईट नव्हे असे डॉक्टर म्हणाले. आमची वस्ती रामबागेत. पायी जावयाचे ते कृष्णपुऱ्याच्या पुलावरून राजवाड्यापर्यंत. आणि राजवाड्यापलीकडे रात्री दहा वाजता काय जागे होते, हे इंदूरकरास सांगणे नलगे. प्रकृती सुधारावी म्हणून निघालेल्या माणसास शहराने नेमके कढयांच्या तोंडी नेऊन उभे करावे, ही या गावाची थट्टाच म्हणावयाची.

आम्ही म्हणालो, "उलट दिशेने जाऊ." मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बाबा, दुसऱ्या रस्त्याने किती वर्षे जायचे?" तेव्हा आम्ही सरळ निघालो.

त्या रात्रींनी आम्हांस आमचे शहर नव्याने दाखवले. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लहानपणापासून पाहत आलो होतो, पण त्या पुलावर थांबून पाहाव्यात असे कधी वाटले नव्हते. कान्ह नदीचा वास थांबू देत नसे. होळकरांची ही स्मारके रात्रीच्या उजेडात फार सौम्य दिसतात, शिखरे मराठी मंदिराची आणि खालचे कोरीवकाम पाहावे तो राजपुतान्याची आठवण. राजवाड्याचे सात मजले मुलाने प्रथमच मोजले: खालचे तीन दगडाचे, वरचे लाकडाचे. १९८४ च्या आगीत आतला मोठा भाग जळाला. तेव्हा हा जन्मलाही नव्हता. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा, आणि त्याच्या कठड्याशी आमची पाच मिनिटांची विश्रांती. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिला क्रमांक पटकावत आले, रस्ते लखलखीत झाले. पायी चालणाऱ्यास पदपथ मात्र अजून सलग मिळत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या निर्धन रोग्यास एक विलक्षण उपाय सांगितला आहे. त्याने छत्री आणि पादत्राणे टाकून, भिक्षेवर राहून, एका गावी एका रात्रीहून अधिक न राहता शंभर योजने चालत जावे. आमच्या चालण्यातून हे आठवले तेव्हा मुलगा हसून म्हणाला, "भिक्षेचे अन्न सराफ्यातले चालेल का?" पादत्राणांची गोष्ट मात्र आजचे वैद्यक उलटी सांगते. या रोगात पायांची संवेदना मंदावू शकते, लागलेले काही कळत नाही, म्हणून अनवाणी चालूच नये. आम्ही दोघांनीही नवे बूट घेतले.

सराफ्यात शिरल्यावर पहिल्या काही रात्री मुलगा मान खाली घालून झपाझप चाले. मग वेग कमी झाला. मग एके रात्री तो थांबला, भुट्ट्याचा कीस एकच घेतला, अर्धा आमच्या हाती दिला. करारानुसार आम्ही कढईकडे पाहत होतो. घरी येऊन त्याने वेळ लावून बोटाला सुई टोचली आणि आकडा वहीत लिहिला. हे त्याने पुढे रीतसरच आरंभले, जणू प्रयोगवही. रविवारच्या पोहे-शेव-जिलबीनंतर दोन तासांनी २४१. पुढच्या रविवारी उसळ-पोहे, त्यात उसळ भरपूर, पोहे निम्मे, जिलबी वर्ज्य, नंतर अर्धा तास चालणे: १६८. एकादशीच्या साबूदाण्याच्या खिचडीनंतर २५६! उपवासाचा पदार्थ म्हणून त्या खिचडीची आमच्या घरी जी प्रतिष्ठा होती, ती त्या एका आकड्याने गेली. साबूदाणा हा निव्वळ पिठूळ पदार्थ, हे वाचून कळले असते. पण स्वतःच्या रक्ताने सांगितलेले अधिक पटते. ती वही त्याची होती. दाखवली तर पाहावयाची, मागावयाची नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची ती साखरेहून अवघड. मुलासाठी स्थळे पाहणे चालू होते. इंदूर, देवास, उज्जैन, थेट बडोद्यापर्यंत. नात्यातील एक वडीलधारे गृहस्थ मुद्दाम घरी आले, दार लावून घेतले आणि म्हणाले, "कशाला वाच्यता करता? गोळीच तर आहे. लग्नानंतर सांगता येईल." त्यांच्या मनात वाईट नव्हते. आपल्या या विखुरलेल्या मराठी समाजात स्थळे मोजकी, आणि गोष्ट एका घरी कळली की चार शहरांत कळते, हेही खोटे नव्हे. आम्ही काही बोलण्यापूर्वी मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला. "काका, उद्या तिच्यासमोर सुई टोचताना मी काय सांगू? डास मारतोय?" काका हसले नाहीत. त्याच रात्री मुलाने आपल्या माहितीपत्रकात, उंची आणि शिक्षणाच्या खाली, एक ओळ स्वतः लिहिली. एका घरून पुढे उत्तर आले नाही. सौभाग्यवतींनी त्या दिवशी देवापुढे दिवा लावला आणि बराच वेळ तेथेच बसल्या. आम्ही त्यांस उठवले नाही. उज्जैनच्या एका घरून मात्र मुलीचाच फोन आला. तिने पगार विचारला नाही. रोज किती चालता, एवढे विचारले. पुढचे पुढे.

सप्टेंबरात पुन्हा तपासणी झाली. ८.६ चे ७.१ झाले, वजन पाच किलोंनी उतरले. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली आणि सातच्या आत यावयाचे म्हणून सांगितले. रोगाच्या प्रारंभी वजन चांगले उतरवले तर काहींची साखर औषधावाचूनही ताब्यात राहते, असे ब्रिटनमधील एका अभ्यासात २०१७ मध्ये दिसले आहे. तिथे वर्षाअखेर जवळजवळ निम्मे रुग्ण त्या अवस्थेस पोहोचले होते. पण तेही कायमचे आश्वासन नव्हे, तपासणी चालू ठेवावी लागते.

त्याच महिन्यात मुलाने पातालपाणीचा बेत काढला. महूच्या पुढे, विंध्याच्या कड्यावरून चोरल नदी जेथे उडी घेते ते पातालपाणी. आणि तेथून घाट उतरत जेमतेम दहा किलोमीटरवर कालाकुंड. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारास एक कोट रुपये कर्जाऊ दिले, त्या मार्गाचा हा सर्वांत देखणा तुकडा. २०१८ पासून यावर सहलीची छोटी गाडी धावू लागली. बोगदा येतो, मुले ओरडतात, बाहेर पडताच एका अंगास दरी आणि तीत ढग. गाडी कासवाच्या चालीने जाते ही तिची थोरवी.

कालाकुंड स्थानकाची कीर्ती थोड्या अक्षरांच्या फरकाची: कालाकुंडचा कलाकंद. गाडी थांबते न थांबते तोच विक्रेते पानांवर वड्या मांडून पुढे येतात. सौभाग्यवतींनी एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही डोंगराकडे पाहिले. डब्यातली भाकरी, उसळ आणि काकडी खाऊन झाली, तेव्हा मुलगा उठला, एक पान घेऊन आला, एक वडी आईस, एक आम्हांस दिली, आणि तिसरीचा निम्मा तुकडा मोडून स्वतः खाल्ला. चांगला सावकाश खाल्ला. उरलेला निम्मा शेजारच्या बाकावरील एका लहान मुलास दिला. मग फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चालू लागला. सौभाग्यवतींना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, तरी त्याही दोन फेऱ्या त्याच्याबरोबर गेल्या. काय बोलत होते ते ऐकू आले नाही. एकदा उज्जैन हा शब्द कानी पडला.

परतीच्या गाडीत, घाट चढताना, त्याने खिशातून यंत्र काढून बोट टोचले, आकडा पाहिला आणि वही उघडून लिहून ठेवला. आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो. पातालपाणीस उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. धबधब्याकडची वाट निसरडी झालेली, म्हणून मुलाने आईचा हात धरला आणि आम्हांस कठडा धरून चालण्यास बजावले.