जंगली गिटार आणि माझी ‘रेवडी’वरची जुनी पोस्ट

ऑक्टोबर १९८६. सांगलीहून ब्रिस्टलला शिकायला जाऊन मला तीन आठवडे झाले होते. एका जुनाट, ओल आलेल्या घरात आम्ही चौघं भाड्याने राहायचो. वरच्या खोलीतला पोरगा दिवसभर गिटार घेऊन बसलेला असायचा. एकदा धीर करून विचारलं, हे कुठल्या प्रकारचं संगीत रे? तो म्हणाला, ‘जँगली.’

मी ऐकलं, जंगली. डोळ्यांसमोर थेट शम्मी कपूर, बर्फावरून घसरणारा. मी त्याला ‘याहू’ करून दाखवलं. तो बिचारा बघतच राहिला.

मग त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कानाजवळ हलवला. असा आवाज, म्हणाला. कॉर्ड धाडकन न वाजवता तिच्या तारा एकेक करून छेडायच्या, आवाजाचा पट्टीदार भाग वर काढायचा, खरखर अजिबात नको. हे सगळं १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या ‘द बर्ड्स’ने बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारवर केलेलं. पंधरा-वीस वर्षांनी ब्रिटनमधल्या पोरांनी ते पुन्हा उचललं. ग्लासगोचे ‘ऑरेंज ज्यूस’ आणि ‘अ‍ॅझ्टेक कॅमेरा’, मँचेस्टरचे ‘द स्मिथ्स’, लीड्सचे ‘वेडिंग प्रेझेंट’. गाणारे असे, की आपल्याकडे गॅदरिंगमध्येसुद्धा कुणी माईक हातात दिला नसता. विषय म्हणजे पाऊस, बसस्टॉप, नाही म्हणालेली मुलगी. मी पार पाघळलो.

त्या वर्षी ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाने ‘सी८६’ नावाची कॅसेट काढली होती. बावीस बँड, प्रत्येकाचं एक गाणं. आमच्या घरातली एकच कॅसेट चौघांत फिरायची. पुढच्याच वर्षी, १९८७ ला, आमच्याच गावात दोघा तरुणांनी ‘सारा रेकॉर्ड्स’ सुरू केली. क्लेअर वॅड आणि मॅट हेन्स. आठ वर्षांत बरोबर शंभर प्रकाशनं केली आणि १९९५ मध्ये कंपनी स्वतःहून बंद केली. चालत नाही म्हणून नाही, शंभर झाली म्हणून.

आता हे आज का सांगतोय?

माझी मुलगी सध्या ब्रिस्टललाच मास्टर्स करतेय. शैक्षणिक कर्ज काढून. शनिवार-रविवार कॅफेत काम करते. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “बाबा, तुम्ही सांगितलेल्या पबवर गेले होते. तिथे आता फ्लॅट आहेत.” त्या पबच्या मागच्या खोलीत आम्ही पन्नास-साठ जण दाटीवाटीने उभं राहून बँड ऐकायचो. मी उगाच थोडा हळवा झालो. आमच्या वेळी कसं होतं वगैरे सुरू केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते सगळं ठीक आहे. पण ही मुलं दिवसभर गिटार वाजवायची, तर भाडं कुठून द्यायची?”

प्रश्न साधा होता. उत्तर मला माहीत होतं. पण चाळीस वर्षांत ते मी मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं.

सरकार द्यायचं.

वरच्या खोलीतला पोरगा ‘डोल’वर होता, म्हणजे बेकारभत्त्यावर. भाड्यासाठी वेगळी मदत मिळायची. देशात १९८२ पासून तीस लाखांवर बेकार होते. खाणी बंद, कारखाने बंद. कामच नव्हतं, त्यामुळे भत्ता घेणाऱ्याला फारसं कुणी टोचायचं नाही. विद्यापीठात जाणाऱ्या तिथल्या मुलांची फी सरकार भरायचं, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर राहण्या-खाण्याला अनुदान, परत न करण्याचं. (आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना यातलं काही नाही. आमच्याकडून पुरेपूर फी घ्यायचे. माझ्या वडिलांनी त्यासाठी प्लॉट विकला होता.)

वर आणखी एक योजना होती. एंटरप्राइझ अलाउन्स. बेकार माणसाने स्वतःचा धंदा काढला तर सरकार त्याला वर्षभर आठवड्याला ४० पौंड द्यायचं. अट एक, की सुरुवातीला आपल्याकडे १,००० पौंड आहेत हे दाखवायचं. ही योजना थॅचरबाईंच्या सरकारची, हे विशेष. हेतू संगीताचा नव्हताच. योजनेत गेलेला माणूस बेकारांच्या यादीतून कमी व्हायचा, आकडा बरा दिसायचा. पण त्याच ४० पौंडांवर कुणी चित्रं काढली, कुणी मासिकं काढली, कुणी रेकॉर्ड कंपन्या काढल्या. पुढे ‘ओअ‍ॅसिस’ला जगापुढे आणणाऱ्या ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’चा अ‍ॅलन मॅगी याच योजनेचा लाभार्थी.

आमच्या वरच्या खोलीवाल्यालाही बँडसाठी ही योजना हवी होती. हजार पौंड कुठले? मित्रांनी वर्गणी काढली. माझ्या फीच्या हप्त्यातले दीडशे पौंड मीही दिले. त्याच्या खात्यात पैसे दिसले, कागद झाला, पंधरा दिवसांत माझे दीडशे परत. म्हणजे बघा, सरकारी योजनेला चुना लावण्यात मीसुद्धा सामील होतो. सांगलीत कुणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर पोस्ट लिहिली असती.

तिसरा आधार बीबीसीचा. रेडिओ वनवर रात्री दहानंतर जॉन पील. १९६७ पासून २००४ मध्ये मरेपर्यंत हा माणूस तिथे होता. कुणीही कॅसेट पाठवावी. आवडली तर बीबीसीच्या मायदा व्हेल स्टुडिओत बोलावणं यायचं. तिथे नीट ध्वनिमुद्रण व्हायचं, वर मानधन. बँडकडे रेकॉर्ड कंपनी असो-नसो. ‘द स्मिथ्स’चा १९८४ चा ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ हा संग्रह बराचसा बीबीसीसाठी केलेल्या अशा ध्वनिमुद्रणांचाच आहे. पैसा परवाना शुल्काचा, म्हणजे घरोघरच्या टीव्हीमागे लोकांनी भरलेला.

थोडक्यात काय, तर ज्या संगीताला आम्ही ‘स्वतंत्र’ म्हणायचो, ते मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र होतं. सार्वजनिक पैशावर ते चांगलंच अवलंबून होतं.

यातलं हवं तेवढं उचलायचं आणि बाकीचं विसरायचं, हे करणारा मी एकटा नाही. डेव्हिड कॅमेरून ‘द स्मिथ्स’चे चाहते. २००६ मध्ये रेडिओवर आवडीची गाणी निवडताना त्यांनी एक ‘स्मिथ्स’चं निवडलं. पुढे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१० मध्ये त्यांच्या सरकारने विद्यापीठांच्या फीची मर्यादा जवळजवळ तिप्पट, ९,००० पौंड करायला घेतली. त्याच महिन्यात बँडचा गिटारवादक जॉनी मारने ट्विटरवर त्यांना आमचा बँड आवडून घ्यायला चक्क मनाई केली. संसदेतही त्यावरून चेष्टा झाली. मीही तेव्हा इथे बसून खूप हसलो होतो. हसताना आपणही त्याच रांगेत उभे आहोत हे लक्षात आलं नाही.

आठवणी गोड असतात, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्या खोलीत मी बहुतेक वेळा एकटाच सावळा असायचो. बाहेर बसस्टॉपवर शिव्या खाल्ल्यात. ज्या मॉरिसीच्या आवाजावर आम्ही जीव टाकला, त्याने १९८८ मध्ये एका बंगाली स्थलांतरितावर असं गाणं केलं, की ऐकून पोटात खड्डा पडला. १९९२ मध्ये तो मंचावर युनियन जॅक फडकवून आला, तेव्हा ‘कॉर्नरशॉप’ नावाच्या बँडच्या पोरांनी लंडनमध्ये त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात त्याचे फोटो जाळले. या बँडचा म्होरक्या टिजिंदर सिंग. आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, या हेटाळणीवरूनच त्यांनी नाव घेतलेलं.

आणि आता आपल्या सांगलीकरांनी जरा नीट ऐका. याच ‘कॉर्नरशॉप’ने १९९७ मध्ये ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ काढलं. ही आशा म्हणजे आपली आशाताई! सांगलीत जन्मलेल्या बाईवरचं गाणं जॉन पीलच्या श्रोत्यांनी त्या वर्षीचं पहिल्या क्रमांकाचं ठरवलं आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचं रीमिक्स ब्रिटनच्या यादीत अव्वल आलं. पण बँड सुरू झाला होता १९९१ ला. मधली सहा-सात वर्षं त्यांना बाजारात कोण विचारत होतं? ती वर्षं एका छोट्या कंपनीने आणि रात्रीच्या रेडिओने सांभाळली. आशाताईंचं नाव त्या यादीत गेलं ते तेवढा धीर धरणारं कुणीतरी होतं म्हणून.

आता माझ्या जुन्या पोस्टकडे येतो. आपल्याकडे ‘रेवडी’ शब्द जोरात होता तेव्हा मीही लिहिलं होतं. फुकट पैसे मिळाले की माणूस आळशी होतो, करदात्यांचा पैसा आहे, वगैरे. साडेचारशे लाइक मिळाले होते. बऱ्याच जणांनी शेअर केली होती. अजून ती तिथेच आहे, काढणार नाही. पण त्यातलं ‘आळशी होतो’ हे वाक्य मी आज मागे घेतोय. कारण मी दोन वर्षं एका बेकारभत्तेवाल्याच्या खालच्या खोलीत राहिलोय. तो सकाळी नऊला सुरू व्हायचा. बोटांना घट्टे पडले होते त्याच्या. आळशी म्हणायचंच तर मी होतो, लेक्चर बुडवून त्याचं ऐकत बसायचो.

कुणी विचारेल, मग त्या पोराचं पुढे काय झालं? काही नाही. बँडच्या दोन रेकॉर्ड निघाल्या, प्रत्येकी पाचशे प्रती. त्यातल्या कित्येक पलंगाखालीच राहिल्या. बँड मोडला. पुढे तो शाळेत संगीत शिकवायला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. सरकारचे ते चाळीस चाळीस पौंड वसूल झाले की बुडाले, हिशोब तुम्ही करा. तीस वर्षं वर्गामागून वर्ग त्याच्या हाताखालून गेले, एवढं हिशोबात धरा.

सगळ्या योजना चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. पैसा कुठून येणार, कुणाला मिळणार, निवडणुकीच्या तोंडावरच का आठवतो, हे विचारायलाच हवं आणि मी विचारत राहणार. पण तरुण माणसाला वर्ष-दोन वर्षं पोटाची काळजी न करता काहीतरी करून बघायची मोकळीक मिळणं हीसुद्धा रस्त्या-पाण्यासारखी सोय आहे. आपल्याकडे ती ज्याच्या बापाकडे विकायला प्लॉट आहे त्यालाच मिळते. मला मिळाली ती तशीच. आणि मी ती कर्तबगारी समजत आलो.

मुलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, मला कॅफेत जायचंय, उशीर होतोय.” कॉल ठेवता ठेवता म्हणाली, “ते जंगली का काय, त्यातलं एखादं पाठवा.” ‘ऑरेंज ज्यूस’चं एक पाठवलंय. अजून ऐकलेलं नाही. शिफ्ट रात्री अकराला संपते तिची.