हसू येणारं उत्तर

मला गणिताची भीती वाटत नाही, याचं श्रेय लालबागच्या एका मास्तरांना आहे. आम्ही मुलं त्यांना सर म्हणायचो, चाळीतली वडीलधारी माणसं मास्तर म्हणायची आणि माझी आई भावोजी म्हणायची, कारण ते वडिलांच्या गावचे. घरच्या कुठल्याच माणसाने दिलं नाही असं काही त्यांनी मला दिलं, ते आज मांडून ठेवायचं आहे.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वडील साळखात्यात होते. आधी भोंगा बंद झाला, मग पगार, मग वाण्याने उधारी बंद केली. घरातलं बोलणंही हळूहळू आटलं. शिकवणी लावणं कुणालाच परवडणारं नव्हतं. तेव्हा सरांनी संध्याकाळी गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत आम्हा मुलांना बसवायला सुरुवात केली. एक पैसा घेतला नाही.

त्या खोलीत गणित सुरू व्हायचं ते विनोदाने. एका संध्याकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं : एक मोदक वाफवायला 15 मिनिटं लागतात, तर 21 मोदकांना किती? त्रैराशिक नुकतंच झालं होतं. भराभर हात वर झाले : 315 मिनिटं. सरांनी ते उत्तर गंभीरपणे फळ्यावर मांडलं, त्याचे सव्वापाच तास केले आणि म्हणाले, “म्हणजे आरती बाराला, नैवेद्य सव्वापाचला. तोवर बाप्पा उपाशी!” क्षणभर शांतता. मग मागून कुणीतरी ओरडलं, “सर, मोदकपात्रात सगळे एकदमच बसतात की!” खोली हसून हसून लोळली.

आणि खरा तास तिथून पुढे सुरू झाला. “मोदक वाढले की गूळ वाढतो, खोबरं वाढतं. वेळ वाढतोच असं नाही. त्रैराशिक मांडण्याआधी विचारा, काय कशाबरोबर वाढतंय?” समप्रमाण म्हणजे काय हे पुस्तकात वाचून आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. ते त्या उपाशी बाप्पाने शिकवलं.

सरासरीचा धडा पावसाळ्यात आला. “दादर टीटीपासून परळपर्यंत रस्त्यावर सरासरी अर्धा फूट पाणी आहे. चालत जाऊ का?” त्या भागात वाढलेल्या कुठल्या मुलाला हिंदमात्याचा खोलगट भाग ठाऊक नाही? “सर, हिंदमात्याला बुडाल!” असा एकच गलका झाला. “मग सरासरी सांगणाऱ्याला आणखी काय विचारायचं?” सरांनी विचारलं. सगळ्यात खोल कुठे आणि किती, हे आमचं आम्हीच सांगितलं.

या विनोदांना एक शिस्त होती. हसायचं ते उत्तराला, उत्तर देणाऱ्याला नाही. एखाद्या मुलाला कुणी हसलं की सर थांबायचे आणि हसणाऱ्यालाच उभं करून विचारायचे, “315 आले कसे ते सांग. गुणाकार बरोबर आहे ना? मग आधी त्याबद्दल शाबासकी दे.” आज मला पक्कं वाटतं की गणिताची भीती बहुतेक वेळा आकड्यांची नसतेच. चारचौघांत हसं होईल, याची ती भीती असते. सरांनी हसू मुलावरून काढून उत्तरावर नेलं, आणि भीतीला उभं राहायला जागाच ठेवली नाही.

संपाच्याच वर्षी त्यांनी फळ्यावर 1982 लिहिलं. हेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा : 9821. उलटे मांडा : 1289. वजा करा : 8532. पुन्हा तेच : 8532 मधून 2358 गेले, उरले 6174. पुन्हा करा : 7641 वजा 1467, परत 6174! आम्ही ज्याचे त्याचे आकडे घेऊन बसलो. चारही अंक सारखेच नसले, की फार तर सात पायऱ्यांत सगळे तिथेच येऊन पोचत होते. ही गंमत 1949 साली देवळालीच्या एका शाळामास्तरांनी, द. रा. कापरेकरांनी, शोधली हे सरांनी नंतर सांगितलं. कापरेकरांच्या आकड्यांच्या खेळाला कित्येक जाणकारांनी पोरखेळ म्हटलं होतं. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यावर लिहिलं आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. ज्या वर्षाने आमची घरं उदास केली, त्याच वर्षाच्या आकड्यांशी आम्ही त्या संध्याकाळी खेळलो.

पुढे मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ हाती आलं. मुंबई विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेली ही विदुषी मुलांशी गप्पा मारत गणित सांगते, हे वाचताना सरांचाच सूर ऐकू आला. भास्कराचार्यांनीही 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त भुंगे, हंस, साप आणि मोर आणून ठेवलेच होते. सर एका जुन्या, मोठ्या घराण्यातले होते, हे मला त्या वाचनातून कळलं.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा सभेत एक कागद फिरला. त्यावर मोठ्या अक्षरांत घराचं सरासरी क्षेत्रफळ होतं. आकडा ऐकून माणसं खूश झाली. मी उभा राहिलो आणि विचारलं, “सगळ्यात लहान घर केवढं, आणि ते कुणाच्या वाट्याला?” पहिल्या रांगेतले एक काका, सरांच्याच वर्गातला माझा जोडीदार ज्यांचा मुलगा, मोठ्याने म्हणाले, “अरे, हिंदमाता!” सभा हसली, आणि मग प्रत्येक खोलीचा वेगळा तक्ता मिळेपर्यंत कुणीही सही केली नाही.

सर आता नाहीत. त्यांना गुरुदक्षिणा द्यायचं राहून गेलं, आणि दिली असती तरी त्यांनी घेतली नसती. आता शनिवारी परळच्या एका अभ्यासिकेत मी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवतो. उत्तर लिहून झालं की वही मिटण्याआधी मी त्यांना एकच गोष्ट करायला लावतो : उत्तराकडे नीट बघा, हसू येतंय का? येत असेल तर ते हसू खरं माना आणि गणित पुन्हा करा. ही मुलं आता एकमेकांना हसत नाहीत. ती वहीकडे बघून हसतात, खोडरबर उचलतात आणि पुन्हा कामाला लागतात. सरांचं देणं मी असं फेडतो आहे.