धूर, गोळी आणि शेजारी

"पंढरीची माळ घातली, बिडी सोडली, सिस्टर." श्रीगोंद्याच्या ओपीडीत त्याने हे सांगितलं तेव्हा मी त्याला शाबासकी दिली. पंधरा दिवसांत त्याची आई आली. पोरगा भरदुपारी लिंबोणीखाली पडून राहतो, हाक मारली तरी उठत नाही, लाळेने उशी भिजते. गोळ्या तेवढ्याच, वेळाही त्याच.

त्याला मनाच्या आजारासाठी चालू असलेलं क्लोझापिन पचवायचं काम यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर करतं. बिडीच्या धुराने ते चेवतं आणि औषध झपाट्याने संपवतं. धूर थांबला की आठवडाभरात तोच डोस रक्तात चढतो. ही करामत धुराची, निकोटिनची नाही. तंबाखू मळणाऱ्याच्या बाबतीत असं होत नाही. मला हे सगळं पाठ होतं, पण परीक्षेपुरतं. माळ पाहून ते आठवलं नाही, ही चूक माझी. डॉक्टरांनी डोस उतरवला. माझ्या वहीत 'व्यसन' या रकान्याचे तेव्हापासून दोन झाले: ओढतो आणि चघळतो.

औषध ठरवायला जनुकांची तपासणी करावी का, असं आता शिकलेले नातेवाईक विचारतात. कार्बामाझेपिन द्यायचं असेल तर मी हो म्हणते. एचएलए-बी जनुकाचं १५:०२ हे रूप असलेल्याची कातडी भाजल्यासारखी सोलून निघण्याचा धोका मोठा असतो. पण अहवाल निर्धोक आला तरी पहिले दोन-तीन महिने मी दर खेपेला तोंड उघडायला लावते, फोड बघते. कागदाला पुरळ दिसत नाही.

बाकीच्यांसाठी तपासणी म्हणजे घराण्याची चौकशीच. लिथियम हे औषध लागू पडणं घराण्यात उतरतं, असं पॉल ग्रॉफ यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं. पण "घरात कुणाला होतं का?" असं विचारलं की घरात लग्नाची पोर असते आणि कुणालाच काही नसतं. म्हणून मी गोळीचं पाकीट पुढे धरते. "आजी, ही कुणाकडे पाहिलीय का?"

परवा नातवाला घेऊन आलेल्या एका आजींनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "हिनंच तर माझा भाऊ माणसात आला. पण उन्हाळ्यात हात लटपटायचे त्याचे."

अंगातलं पाणी आटलं की लिथियम साठतं. नातवासाठी एका वाक्यात दोन्ही कळलं. मी पेन उघडलं.

"लिवा, पण भाऊ नका लिवू. शेजारी लिवा."

मी लिहिलं: रक्ताचा शेजारी.