भोकाचा पैसा

भंडारा–पवनी रस्त्यावरील अड्याळ गावी आमचे वडिलोपार्जित घर आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याची कौले फेरताना माळ्यावर आईचा पितळी डबा सापडला. आत एक्केचाळीस नाणी होती. धाकट्या भावाने मला तातडीने नागपूरहून बोलावून घेतले. त्याच्या नातीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि शुल्क भरण्याची तारीख तोंडावर आली होती.

“भाऊ, याचे किती भेटतील?” त्याने आशेने विचारले.

मी हौशी नाणेसंग्राहक. भिंग घेऊन बसलो. पाहतो तो तांब्याची नाणी लखलखत होती! भावाने ती चिंच-राखेने घासून काढली होती. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेली तपकिरी झाकच संग्राहकाला हवी असते. ती गेली की किंमत उतरते. पण त्याला बोल कसा लावावा? भांडी अशीच घासावीत, हे आईनेच आम्हांला शिकवले होते.

मी नाणी वेगळी केली. सोळा आण्यांच्या रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होत. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर भाग झाले आणि 1964 पर्यंत त्या भागाला ‘नया पैसा’ म्हणत. डब्यात ते होते. षट्कोनी तीन पैसे होते. 1943 ते 1947 या काळातील भोकाचे पैसेही होते. युद्धकाळात धातू वाचावा म्हणून त्यांच्या मधोमध भोक ठेवले गेले. पुढच्या काळातील नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण शोधावी लागते: चौकटच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, साधा ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर नाणे कोलकात्याचे.

एक ‘1818’ सालचा, मारुतीचे चित्र असलेला अर्धा आणाही निघाला. भावाची सारी भिस्त त्याच्यावर होती. असले नाणे कंपनी सरकारने कधी पाडलेच नव्हते, हे सांगताना माझा आवाज खाली आला.

“पण इतके जुने आहेत ना बाकीचे?”

मी त्याला शुभवर्तमानातील विधवेची गोष्ट आठवून दिली. तिने दानपेटीत टाकली तशी कांस्याची चिमुकली नाणी आजही संग्राहकांना सहज मिळतात. वय दोन हजार वर्षे. तरीही ती फारशी महाग नाहीत, कारण त्या काळी ती अमाप पाडली गेली. नाण्याची किंमत वयावर ठरत नाही. ते किती पाडले गेले, किती उरले, कोणत्या स्थितीत उरले आणि ते कुणाला हवे आहे, यांवर ती ठरते. आईची नाणी तर घरोघरची.

मग त्याने मान खाली घालून सांगितले. नाण्यांचे लाखो रुपये देऊ, असे कुणीतरी दूरध्वनीवर म्हणाले होते. ‘नोंदणी’साठी त्याने दोन हजार रुपये पाठवलेही होते. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर इशारा दिला होता. अड्याळच्या माळ्यापर्यंत तो पोहोचला नव्हता. डब्यातील सर्व नाण्यांचे मिळूनही दोन हजार रुपये येणार नव्हते.

शुल्काची तजवीज आम्ही भावंडांनी मिळून केली. तो प्रश्न सुटला; पण भावाच्या चेहऱ्यावरची शरम जाईना.

निघताना मी डबा उपडा केला, तेव्हा तळाशी चिकटलेला एक भोकाचा पैसा खाली पडला. तो घासायचा राहून गेला होता. भोकात काळ्या दोऱ्याचा तुकडा अडकला होता. भावाने तो निरखून पाहिला. लहानपणी आईने त्याच्या कमरेच्या करगोट्यात बांधलेला तोच तो पैसा! अक्षरे झिजून गेली होती. बाजारात त्याला कुणी विचारलेही नसते.

“याचे किती?” मी विचारले.

“हा द्यायचा नाही,” तो म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.