पावसाळ्यातले प्राणिसंग्रहालय

कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आम्हा बिबवेवाडीकरांना इतके जवळचे, की घरी पाहुणे आल्याखेरीज तिकडे कोणी फिरकत नाही. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी हे त्याचे हंगाम. आम्ही गेलो ते श्रावणातल्या एका मंगळवारी, भुरभुरत्या पावसात.

गर्दी नसली की स्वतःच्याच नजरेची अधीरता प्रथम जाणवते. खंदकापलीकडच्या ओल्या गवतात वाघ असावा, असे फलक सांगत होता. बराच वेळ उभे राहिल्यावर एक कान हलला, तेवढाच. मे महिन्यात अशा वेळी शिट्ट्या वाजतात, तिकिटाच्या पैशांचा हिशेब निघतो. त्या दुपारी दिसावे की दिसू नये, हे वाघाच्या मर्जीवर होते.

आमच्या पिढीने वाघ पाहिला तो पेशवे पार्कात. महापालिकेने १९५३ साली उभारलेल्या त्या बागेत प्राणी हमखास दिसत, कारण लपायला त्यांना जागाच नव्हती. १९९९ मध्ये कात्रजचे संग्रहालय सुरू झाले, पुढे तिथले प्राणीही इकडे आले. पिंजऱ्यांच्या जागी खंदक आले. पाहणाऱ्याची सवय मात्र पिंजऱ्याचीच राहिली.

त्याही आधी, पर्वतीच्या पायथ्याशीच, सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. तिथला गेंडा गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने १७९० मध्ये कागदावर उतरवला. चित्र काढायचे म्हणजे जनावरासमोर तासन्‌तास बसणे आले. पुण्यात प्राणी इतक्या सावकाश पाहण्याचा हा बहुधा पहिला लेखी (खरे तर रेखी) पुरावा असावा. शब्दांचा प्रवासही पाहण्याजोगा आहे: ‘शिकारखान्या’त निदान सत्तेची प्रांजळ कबुली होती, ‘संग्रहालय’ हा तर नाण्यांना आणि मूर्तींना शोभणारा शब्द. संग्रहातली वस्तू आजारी पडत नाही.

इथली पडतात. २०२५ च्या जुलैत याच संग्रहालयातली सोळा चितळे काही दिवसांत दगावली. कारण निघाले लाळ्या-खुरकूत, म्हणजे गावोगावच्या गोठ्यांना ठाऊक असलेला रोग. कळप एकत्र राहतो म्हणूनच साथ वेगाने पसरते, आणि कुंपणातल्या कळपाला पांगायला रानही नसते. चितळांच्या कुंपणाशी उभे राहून आम्ही मोजू लागलो. कळप हलत राहिला, मोजणी पुरी होईना.

तेवढ्यात एक कर्मचारी हिरव्या चाऱ्याचे भारे घेऊन आला. त्याने चारा एका जागी टाकला नाही. सहा-सात ठिकाणी, अंतराअंतरावर पसरला. आम्ही कारण विचारले. “एकाच जागी टाकला तर शिंगवाले नर बाकीच्यांना येऊ देत नाहीत, सर,” तो म्हणाला, आणि एक पेंढी उचलून लांब, झाडाखाली, एकट्या उभ्या असलेल्या मादीपुढे ठेवून आला.